निराधारचा पगार आणि लाइटचं बिल

सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ठरवलं की संजय गांधी निराधार अनुदान योजना आणि श्रावणबाळ योजना यांतल्या दिव्यांगांना महिन्याला दीड हजाराऐवजी अडीच हजार रुपये द्यायचे. ऑक्टोबरपासून हा निर्णय लागू झाला. हजाराची वाढ लहान नाही. तिच्यासाठी माणसं कुबड्या आणि तीनचाकी घेऊन वर्षानुवर्षं नागपूरच्या हिवाळी अधिवेशनावर धडकत होती. पण हे अडीच हजार जातात कुठे हे विचारलं, तर नागपुरात किराणा आणि औषधांच्या बरोबरीने लाइट बिलाचं नाव निघतं, आणि उन्हाळ्यात तर आधी तेच निघतं. दिव्यांग म्हणून पगार मिळतो, मग दिव्यांग म्हणून बिलात काही सवलत मिळते का? थोडक्यात उत्तर असं की महाराष्ट्रात नाही. लांबवून सांगायचं तर मदतीची पाच-सहा दारं आहेत. त्यातली काही उघडी आहेत, काही नुसती रंगवलेली आहेत. बेसा परिसर डोळ्यासमोर ठेवून ती एकेक करून पाहू.

बेसा नागपूरच्या दक्षिण टोकाला आहे. मानेवाड्याकडून रस्ता पुढे गेला की शेतांच्या जागी ले-आउट, ले-आउटच्या जागी फ्लॅट स्कीम, आणि मध्येच एखादं जुनं कौलारू घर. महापालिकेची हद्द अलीकडेच संपते. काल-परवापर्यंत इथे ग्रामपंचायत होती, आता बेसा-पिपळा नगरपंचायत आहे. त्यामुळे इथल्या दिव्यांग माणसाची स्थिती चमत्कारिक होते. भाडं, रिक्षा, दवाखाना हे सगळे खर्च शहराचे, पण निराधारची फाइल नागपूर ग्रामीण तहसीलची. महापालिका आपल्या नागरिकांसाठी जे काही करते ते त्याच्या घरापासून हाकेच्या अंतरावर थांबतं. पाण्याची भिस्त बऱ्याच स्कीममध्ये बोअरवेल आणि टँकरवर. म्हणजे पाण्याचं बिलसुद्धा शेवटी मोटरच्या रूपाने विजेच्याच बिलात येऊन मिसळतं. गॅसचा प्रश्न त्या मानाने सुटसुटीत आहे. उज्ज्वला योजनेचं अनुदान आणि अन्नपूर्णा योजनेचे वर्षाला तीन सिलिंडर ज्यांना मिळतात त्यांचं भागतं. खरी गाठ विजेशी आहे.

महावितरणचा घरगुती दर टप्प्यांचा आहे. २०२४-२५ चे आकडे घेऊ. पहिल्या १०० युनिटना वहन आकारासह ५ रुपये ८८ पैसे, १०१ ते ३०० ला ११ रुपये ४६ पैसे, त्यापुढे ५०० पर्यंत १५ रुपये ७२ पैसे. वर १२८ रुपये स्थिर आकार आणि एकूण रकमेवर १६ टक्के वीज शुल्क. इंधन समायोजन आकार बाजूला ठेवला तरी १०० युनिटचं बिल सुमारे ८३० रुपये होतं आणि २०० युनिटचं सुमारे २,१६०. वापर दुप्पट, बिल अडीच पटीच्याही वर. त्या वर्षी निराधारचा पगार दीड हजार होता. वाढ मिळूनही २५० युनिटचं बिल, सुमारे २,८०० रुपये, नव्या पगाराच्या बाहेरच जातं.

या टप्प्यांमागचा विचार वाईट नाही. कमी वापरणारा तो गरीब, जास्त वापरणारा तो ऐपतदार; म्हणून वरच्याकडून थोडं जास्त घ्यायचं आणि खालच्याला स्वस्त द्यायचं. धडधाकट माणसांच्या घरात हा ठोकताळा बऱ्यापैकी बसतो. अपंगत्व आलेल्या घरात तो साफ उलटा पडतो, आणि माझ्या मते सगळ्या प्रश्नाचं मूळ इथेच आहे. कारण तिथे युनिट वाढतात ते ऐपतीने नव्हे, शरीराच्या गरजेने.

मे महिन्यातलं नागपूर घ्या. २३ मे २०१३ ला इथे पारा ४७.९ अंशांवर गेला होता. ४५ तर अनेक उन्हाळ्यांत येतो. मानेजवळ मणक्याला इजा झालेल्या माणसाला इजेच्या खालच्या भागात नीट घाम येत नाही, म्हणजे शरीर थंड करण्याची त्याची यंत्रणाच अर्धी बंद असते. मल्टिपल स्क्लेरोसिसच्या रुग्णाची लक्षणं उष्णतेने बळावतात. सिकलसेल हा विदर्भातल्या अनेक घरांतला आजार, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात तो दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांत मोडतो. त्यात शरीरातलं पाणी कमी झालं की वेदनांचा झटका येण्याचा धोका वाढतो. घरातली बाकीची माणसं कामाला जातात, सावलीत बसतात, रात्री गच्चीवर झोपतात. खाटेवरच्या माणसाला दिवसाचे चोवीस तास त्याच खोलीत काढायचे असतात. २०० वॅटचा कूलर दिवसाला १४ तास चालला तर महिन्याला ८४ युनिट. पंखा आणि दिवे धरले की पहिला टप्पा इथेच ओलांडला. कूलर ही चैन आहे असं मानणाऱ्याने एक मे महिना बेसा परिसरातल्या वरच्या मजल्यावर, स्लॅबखाली, कूस न बदलता काढून पाहावा.

ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरचा हिशेब तर याहून बिकट. पाच लिटरचं यंत्र साधारण ३५० वॅट घेतं. ते अखंड चालवायचं तर दिवसाला ८.४ आणि महिन्याला सुमारे २५० युनिट लागतात. समजा एका घराचा मूळ वापर ८० युनिट आहे. वरच्याच दराने त्यांचं बिल ७०० च्या आत असायचं. यंत्र आलं की वापर ३३० च्या पुढे जातो आणि बिल चार हजारांवर. म्हणजे श्वास घेण्याचे महिन्याला सव्वातीन हजारांहून जास्त. त्यातले शेवटचे युनिट तिसऱ्या टप्प्याच्या दराने, ज्या दराने एसीवाला बंगला बिल भरतो. हवेची गादी, सक्शन मशीन, बॅटरीची व्हीलचेअर यांचा वापर किरकोळ असतो. गादीचा पंप तर एखाद्या एलईडी दिव्याइतकाच. पण लाइट गेली की ही सगळी थांबतात, आणि मग इन्व्हर्टर लागतो, त्याच्या बॅटऱ्या लागतात.

मग गरिबांसाठी स्वस्त वीज नाही का? आहे. दारिद्र्यरेषेखालच्या घरगुती ग्राहकांचा एक स्वतंत्र वर्ग वीज नियामक आयोगाच्या दरपत्रकात सगळ्यात वर छापलेला असतो. मंजूर भार पाव किलोवॅटपर्यंत आणि वर्षाचा वापर ३६० युनिटच्या आत, या त्याच्या अटी. हे ३६० आले कुठून? २००५ च्या राष्ट्रीय वीज धोरणाने प्रत्येक घराला दिवसाला किमान एक युनिट ही जगण्यापुरती वीज मानली, आणि पुढे दरधोरणानेही महिन्याला ३० युनिटचीच मर्यादा धरली. आता ७५ वॅटचा एक साधा पंखा बारा तास चालवा, ०.९ युनिट. नऊ वॅटचे तीन दिवे पाच तास, ०.१३५. दिवसाचं युनिट संपलं. मोबाइल अजून चार्ज व्हायचाय. आणि एखाद्या लहान कूलरचे १८० वॅट अधिक पंख्याचे ७५ म्हणजे २५५. भाराची मर्यादा पाच वॅटने ओलांडली. वीस वर्षांपूर्वी अंधारातल्या झोपडीत पहिला दिवा लावण्यासाठी हा आकडा बांधला गेला. त्या कामाला तो ठीक होता. खाटेला खिळलेल्या माणसाच्या घरासाठी तो कधीच नव्हता.

शिवाय हा वर्ग मिळवायचा तर दारिद्र्यरेषेचा पुरावा लागतो. पिवळं रेशनकार्ड वर्षाला १५ हजारांपर्यंतच्या उत्पन्नावर. निराधारचे अडीच हजार बारा महिने धरले तर तीस हजार होतात. म्हणजे मदतीचे पैसेच उत्पन्नाच्या हिशेबात धरले तर माणूस गरिबीच्या मर्यादेच्या दुप्पट वर जाऊन बसतो! अंत्योदय कार्डात दिव्यांग कुटुंबप्रमुखाला प्राधान्य आहे आणि धान्यासाठी त्याचा उपयोगही होतो. पण बेसा परिसरात भाड्याने राहणाऱ्या अनेकांच्या हाती केशरी कार्ड असतं, तेही मूळ गावचं. मीटर घरमालकाच्या नावावर. मालक सब-मीटर लावून सरसकट एक दर सांगतो. भाडेकरू वीज वापरतो खरा, पण महावितरणच्या दप्तरात तो कुठेच नाही, मग त्याला कुठल्या वर्गात घालणार?

फ्लॅट स्कीममध्ये आणखी एक बिल असतं, ज्याच्याकडे सवलतींचा विचार करणाऱ्यांचं लक्ष जात नाही. लिफ्ट, जिन्यातले दिवे, पाणी चढवायची मोटर यांचं सामाईक मीटर. तिसऱ्या मजल्यावर व्हीलचेअरवर राहणाऱ्याचं घरचं बिल अगदी वेळेवर भरलेलं असलं, तरी मेंटेनन्सवरून सोसायटीत भांडण लागलं आणि सामाईक बिल थकलं, तर घराबाहेर पडायचा त्याचा एकमेव रस्ता तुटतो.

आता सरकार कुणाचं बिल भरतं ते पाहू. एप्रिल २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना मुख्यमंत्री बळीराजा योजनेखाली वीज मोफत आहे. विदर्भ-मराठवाड्यातल्या उद्योगांना २०१६ मध्ये वीजदरात सवलत दिली गेली. यंत्रमागांना ती कितीतरी जुनी आहे. या सवलती चूक आहेत असं मी म्हणत नाही. त्या दिल्या कशा जातात एवढंच पाहायचं आहे. वीज कायदा २००३ चं कलम ६५ सांगतं की राज्य सरकारला ग्राहकांच्या कोणत्याही वर्गाला अनुदान द्यायचं असेल तर त्याने ती रक्कम कंपनीला आगाऊ भरावी. 'कोणत्याही वर्गाला' यात दिव्यांगही आले. आयोगाचे हात मात्र थोडे बांधलेले आहेत. कलम ६२(३) म्हणतं की ग्राहकाग्राहकांत अवाजवी भेद करू नये. फरक करायचाच तर तो वापर, दाब, वेळ, भौगोलिक स्थान, पुरवठ्याचं स्वरूप आणि ज्या कारणासाठी वीज लागते ते कारण, यांवर करावा. ग्राहक कोण आहे हे त्या यादीत नाही. वीज कशासाठी लागते हे आहे. घरात जीवरक्षक यंत्र चालवणं हे कारण नव्हे तर काय? त्यामुळे आयोगापुढे जाण्याची वाटही अगदीच बंद नाही.

हे सगळं नागपुरात बसून लिहिताना थोडं बोचतं. कोराडी आणि खापरखेड्याची औष्णिक केंद्रं याच जिल्ह्यात. राख इथे पडते, पाणी इथलं जातं. २०१४ पासून राज्याचं ऊर्जा खातंही जवळपास सलग नागपूरकरांकडेच आहे. आधी चंद्रशेखर बावनकुळे, मग नितीन राऊत, आणि २०२२ पासून देवेंद्र फडणवीस. राऊतांनी २०२० मध्ये घरगुती ग्राहकांना १०० युनिट मोफत देण्याचा विचार बोलून दाखवला होता. त्यानंतर टाळेबंदी आली, थकबाकी फुगली आणि तो विषय बारगळला. तीन वेगवेगळ्या पक्षरंगांच्या सरकारांत नागपूरचा ऊर्जामंत्री असूनही 'दिव्यांगाच्या घरातली वीज' हा वर्ग कुणाच्या मनात आला नाही. यात दुष्टावा नसेल, विसर नक्की आहे.

बाहेर पाहिलं तर दोन तऱ्हा दिसतात. दिल्लीने २०१९ पासून २०० युनिटपर्यंत, कर्नाटकाने २०२३ पासून गृहज्योतीत २०० युनिटपर्यंत वीज मोफत केली. तामिळनाडूत दर दोन महिन्यांना १०० युनिट मोफत आहेत. ही सरसकट तऱ्हा. ती दिव्यांगाच्या घरालाही पोचते, पण ज्याचा वापर यंत्रामुळे मर्यादेपलीकडे जातो तो नेमका बाहेर राहतो. दुसरी तऱ्हा केरळची, आणि आपल्याला शिकायची तर तिच्याकडून. तिथे दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबात कर्करुग्ण किंवा कायमचं अपंगत्व आलेला सदस्य असेल, तर महिन्याला १०० युनिटच्या आतल्या वापराला युनिटमागे दीड रुपयाचा दर दरपत्रकातच लिहिला गेला. कासारगोडच्या एंडोसल्फानबाधित कुटुंबांना हाच दर १५० युनिटपर्यंत. आणि घरी जीवरक्षक यंत्र चालतं त्यांच्यासाठी वेगळी सोय आहे. सरकारी डॉक्टरचा दाखला द्यायचा, यंत्र किती वीज खातं ते वीज मंडळाचा माणूस पाहून नोंदवतो, आणि तेवढे युनिट बिलातून वजा होतात. दाखल्याचं ठरावीक मुदतीने नूतनीकरण. यात केरळची तिजोरी रिकामी झाल्याचं ऐकिवात नाही.

परदेशातली उदाहरणं लांबण लावतील. इंग्लंडमधली एक गोष्ट मात्र फुकटात उचलण्याजोगी आहे. तिथे विजेवरच्या वैद्यकीय यंत्रावर अवलंबून असणाऱ्यांची कंपनीकडे प्राधान्य नोंदवही असते, आणि दुरुस्तीसाठी लाइट बंद ठेवायची तर अशा घराला आधी कळवलं जातं. अनुदानाचा एक रुपया न खर्चता हे महावितरणला जमेल. ग्राहक क्रमांकापुढे एक खूण करायची, इतकंच.

आपल्या कायद्याचं काय? दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चं कलम २४ सामाजिक सुरक्षेचं आहे. त्यात पेन्शन आहे, सुरक्षित पिण्याचं पाणी आहे, उपकरणं-औषधं आहेत, जास्त आधार लागणाऱ्यांसाठी काळजीवाहक भत्ता आहे. विजेचा शब्द नाही. याच कलमात एक स्पष्ट वाक्य आहे की दिव्यांगांचं साहाय्य इतरांच्या तशाच योजनेपेक्षा किमान २५ टक्के जास्त असावं. हा कायदा २०१७ मध्ये लागू झाला. तरीही २०२५ च्या ऑक्टोबरपर्यंत निराधार योजनेत दिव्यांगाला आणि इतरांना एकच रक्कम मिळत होती. दीड हजारांवर २५ टक्के म्हणजे १,८७५ तरी व्हायला हवे होते. तेव्हा आताची हजाराची वाढ ही मेहेरबानी कमी आणि थकबाकी जास्त.

स्थानिक स्वराज्य संस्थांनी उत्पन्नाचे पाच टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असा राज्याचा आदेश आहे. ग्रामपंचायतीला तो होता, नगरपंचायतीलाही आहे. बहुतेक ठिकाणी हा निधी वर्षाअखेर घाईघाईने काही साहित्य वाटून संपवतात, किंवा पडून राहतो. त्यातून दर महिन्याचं बिल भरणं कुणी मान्य करणार नाही. पण बिल कायमचं कमी करणाऱ्या वस्तू घ्यायला काय हरकत आहे? बीएलडीसी पंखा साध्याच्या निम्म्याहून कमी वीज खातो. दोन पंखे बदलले तरी महिन्याला पंचवीस-तीस युनिट वाचतात, आणि टप्पा ओलांडायच्या बेतात असलेल्या घराला ते फार होतात. जीवरक्षक यंत्राच्या घराला इन्व्हर्टर हाही त्याच निधीतून मागावा. नगरपंचायतीच्या सभेपुढे असा अर्ज ठेवायला बेसा-पिपळ्यातल्या चार घरांनी एकत्र आलं तरी पुरे.

सौरऊर्जेचं दार नवं आहे आणि अर्धं उघडं. केंद्राच्या सूर्यघर योजनेत एक किलोवॅटला ३० हजार अनुदान. त्यावर राज्याने २०२५ मध्ये 'स्मार्ट' नावाची जोड दिली. दारिद्र्यरेषेखालच्या ग्राहकाला आणखी साडेसतरा हजार, म्हणजे पन्नास हजारांच्या संचाला त्याच्या खिशातून फक्त अडीच हजार. महिन्याला १०० युनिटच्या आतल्या इतर ग्राहकांना दहा हजार, अनुसूचित जाती-जमातींना पाच हजार भरावे लागतात. एक किलोवॅटचा संच महिन्याला सव्वाशेच्या आसपास युनिट देतो. नागपूरच्या उन्हाचा हा एकच फायदा. योजना चांगली आहे, हे मोकळेपणाने म्हटलं पाहिजे. पण छप्पर स्वतःचं हवं, मीटर स्वतःच्या नावाचं हवं, आणि वापर आधीच कमी हवा. भाडेकरू बाहेर, फ्लॅटवाला सोसायटीच्या मर्जीवर, आणि कॉन्सन्ट्रेटरवाला १०० युनिटच्या अटीत अडकलेला. १ जुलै २०२५ पासून १०० युनिटच्या आतल्यांना दरात सुमारे दहा टक्के कपात मिळाली, तिचीही गत हीच. ज्याला सगळ्यात जास्त गरज, तो मर्यादेच्या पलीकडे उभा.

हे सगळं बदलेल तेव्हा बदलेल. हातात आलेलं, न झेपणारं बिल आज घेऊन बसलेल्याने काय करावं, हे आता जरा सविस्तर सांगतो, कारण या बाबतीत भीती जास्त आणि माहिती कमी असते.

पहिली गोष्ट, लाइट अशी एका दिवसात कापता येत नाही. वीज कायद्याच्या कलम ५६ प्रमाणे पंधरा पूर्ण दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. लाइनमन दारात आला आणि नोटीस मिळालेली नसेल तर ती मागा. बिल चुकीचं वाटत असेल, रीडिंग न घेता सरासरीने लावलेलं असेल, तर निषेध नोंदवून मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीइतकी रक्कम, दोन्हींपैकी जी कमी असेल ती, भरा. वाद मिटेपर्यंत पुरवठा तोडता येत नाही. दोन वर्षांपूर्वीची थकबाकी एकदम उकरून काढली असेल आणि ती मधल्या बिलांत सातत्याने दाखवलेली नसेल, तर तीही वसूल करता येत नाही.

दुसरी गोष्ट, हप्ते मागा, आणि तोंडी नव्हे, अर्ज करून मागा. थकबाकीला हप्ते मिळतात. अर्जासोबत दिव्यांग प्रमाणपत्राची प्रत, घरात यंत्र असेल तर डॉक्टरचा कागद जोडा आणि पोच घ्या. कायद्याने त्या कागदाला आज वजन नाही. अधिकाऱ्याच्या टेबलावर मात्र असतं. वर्षातून एकदा येणारं 'अतिरिक्त सुरक्षा ठेवी'चं बिल पाहून अनेकांच्या पोटात गोळा येतो. सरासरी दोन बिलांइतकी ठेव ठेवावी लागते म्हणून तो फरक मागितलेला असतो. तो हप्त्यांनी भरता येतो, आणि त्या ठेवीवर व्याजही मिळतं.

मीटर कायमचं काढून नेलं असेल तर अभय योजनेची वाट पाहावी लागते. २०२४ च्या योजनेत मूळ रक्कम भरली की व्याज आणि विलंब आकार माफ होता, तीस टक्के आधी आणि उरलेले सहा हप्त्यांत. ती मार्च २०२५ मध्ये संपली. अशा योजना अधूनमधून येतात. तेवढ्यासाठी जुनं बिल फेकू नये.

ऐकलं नाही तर महावितरणचा तक्रार कक्ष, त्यानंतर ग्राहक तक्रार निवारण मंच, आणि त्याच्यावर विद्युत लोकपाल. लोकपालांचं कार्यालय नागपुरातच आहे, मुंबईला जावं लागत नाही. वकील लागत नाही. फोनवर तक्रार १९१२ ला. दुरुस्तीसाठी लाइट जाणार असल्याचा संदेश यावा म्हणून घरातल्या माणसाचा मोबाइल क्रमांक ग्राहक क्रमांकाशी जोडून घ्यावा; मीटर मालकाच्या नावावर असेल तर मालकाला गळ घालून.

पगाराच्या बाजूनेही काही गळती थांबवता येते. दिव्यांगत्व किमान ४० टक्के हवं, प्रमाणपत्र नागपूरच्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांतून मिळतं. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, काढून त्याचा क्रमांक तहसीलमध्ये निराधारच्या नोंदीला जोडला आहे ना, हे खात्रीने पाहावं, कारण वाढीव रक्कम दिव्यांग म्हणून नोंद असलेल्यालाच मिळते. ८० टक्क्यांवर दिव्यांगत्व आणि दारिद्र्यरेषेखाली नाव असेल तर केंद्राची इंदिरा गांधी दिव्यांग पेन्शन आहे. तीत केंद्राचा वाटा २०१२ पासून ३०० रुपयांवरच थिजलेला आहे, वरची भर राज्य घालतं. दिव्यांगासाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ५० हजार. लाडकी बहीण योजनेत हीच मर्यादा अडीच लाख आहे. धडधाकट बाईच्या घरात महिन्याला वीस हजार येत असले तरी तिला दीड हजार मिळू शकतात आणि व्हीलचेअरवरच्या माणसाच्या घरात साडेचार हजार आले तर त्याचं नाव कापलं जातं, याचं समर्थन कुठल्या हिशेबाने करायचं ते मला समजलेलं नाही.

दिव्यांगांची आंदोलनं करणाऱ्या बच्चू कडूंनी जून २०२५ मध्ये गुरुकुंज मोझरीला उपोषण केलं तेव्हा दिव्यांगांना सहा हजार रुपये द्या ही एक मागणी होती. ऑक्टोबरात त्यांचा ट्रॅक्टर मोर्चा नागपूरच्या वेशीवर वर्धा मार्गावर येऊन बसला, बेसा परिसरापासून फार लांब नव्हे. तेव्हा कर्जमाफी पुढे होती. पगार वाढावा हे खरंच आहे. पण पगार कितीही वाढवला तरी तो सगळ्यांना सारखाच मिळणार. अपंगत्वाचा खर्च सारखा नसतो. अंध माणसाचं विजेचं बिल कदाचित शेजाऱ्याहून कमी येईल, कॉन्सन्ट्रेटरवाल्याचं जवळपास सहापट. हा फरक पेन्शनने भरून निघत नाही, तो बिलातच भरून काढावा लागतो. आंदोलनांच्या मागण्यांत हा मुद्दा अजून आलेला नाही, तो यायला हवा.

गैरवापर होईल, महावितरण आधीच तोट्यात आहे, असे आक्षेप येतील. पहिल्याला उत्तर यूडीआयडी. दिव्यांगांची पडताळलेली नोंद सरकारकडे आहे, ग्राहक क्रमांकांची महावितरणकडे, दोन्ही जोडायच्या. दुसऱ्याला उत्तर कलम ६५: पैसे कंपनीने नव्हे, सरकारने भरायचे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजार दिव्यांग होते, पण वैद्यकीय यंत्रावर घरी जगणारे त्यातला अगदी लहान भाग. सुरुवात त्यांच्यापासून करावी, केरळसारखी, यंत्राचे युनिट वजा करून. दुसरी पायरी म्हणजे ४० टक्क्यांवर दिव्यांग सदस्य असलेल्या आणि निराधारच्या यादीत नाव असलेल्या घराला ३०० युनिटपर्यंत पहिल्याच टप्प्याचा दर. डिसेंबर २०२२ मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग स्थापन करणाऱ्या राज्याला यात अवघड काही नाही.

२०२५ ते २०३० या पाच वर्षांचे दर ठरवणारा आदेश निघालेला आहे, पण मध्यावधी आढाव्याच्या वेळी आयोगाला पुन्हा लोकांकडून सूचना-हरकती मागवाव्या लागतील आणि जाहीर सुनावणी नागपुरातही होईल. या सुनावण्यांना उद्योजकांच्या संघटना आकडे घेऊन येतात, शेतकऱ्यांचे प्रतिनिधी येतात. दिव्यांगांच्या बाजूने बोलणारं क्वचितच कुणी असतं. सूचना मराठीत देता येते. ज्यांच्या घरात असं यंत्र आहे, असा माणूस आहे, त्यांनी बारा महिन्यांची बिलं आणि डॉक्टरचा कागद आत्तापासून एका फाइलीत लावून ठेवावा, आणि तारीख जाहीर झाली की लेखी हरकत नोंदवावी.